तोंड कर्नाटकाकडं

आमच्या बेळगावात मोटारीत किती माणसं बसतात हे सीटांवर ठरत नाही, मांड्यांवर ठरतं. पाच सीटची गाडी लग्नाला निघाली की आत आठ-नऊ जण सहज असतात, आणि ज्याच्या मांडीवर माणूस नसेल त्याच्या मांडीवर कुंद्याचा डबा असतो. अशा गावात दीड वर्षाच्या लेकीसाठी मोटारीत वेगळी खुर्ची आणायची, वर तिचं तोंड मागच्या काचेकडं ठेवायचं, असं मी जाहीर केल्यावर सासूबाईंनी आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

“मांडी आहे की गे! मी तीन पोरं मांडीवर घेऊन चोर्ला घाटातनं गोव्याला गेलो. काय झालं त्यांना?”

त्या तिघांतला एक माझा नवरा. त्यामुळं या प्रश्नाचं उत्तर मी गिळलं आणि गणिताकडं वळले. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी आदळली तर दहा किलोचं लेकरू क्षणभर दोन-तीनशे किलोच्या जोरानं पुढं फेकलं जातं. माझ्या दंडात तेवढी ताकद असती तर गॅसचा सिलिंडर माडीवर चढवायला मी रोज माणूस शोधत बसले नसते. शिवाय या वयात डोकं जड आणि मानेची हाडं कच्ची. पोर पुढं तोंड करून बसलेलं असलं तर पट्टे अंग धरतात, डोकं मात्र पुढं जातंच. मागं तोंड असलं की तोच झटका सगळ्या पाठीवर वाटला जातो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या प्राध्यापकानं १९६४ साली अशी पहिली सीट करून बघितली, आणि कल्पना घेतली ती पाठीवर रेलून उडणाऱ्या अंतराळवीरांवरनं.

“पोरगी कोल्हापूरला जाणार की चंद्रावर?” सासऱ्यांनी पेपरामागून विचारलं.

त्यांचा खरा आक्षेप मात्र वेगळाच होता. सासरे सीमाप्रश्नातले जुने कार्यकर्ते. १९५६ पासूनचा हिशेब तोंडपाठ, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन आयोगाचं नाव निघालं की ताटावरनं उठतात, आणि एक नोव्हेंबरला काळी पट्टी बांधल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. त्यांनी चष्मा काढून दिशा तपासल्या. “म्हणजे नात महाराष्ट्रात जाताना तोंड कर्नाटकाकडं करून जाणार? हे चालायचं नाही.”

नवऱ्यानं जन्मात एकदाच हुशारी दाखवली. “पण बाबा, परत येताना तोंड महाराष्ट्राकडं असेल की. सीमेवरचा कोगनोळी नाका मागं पडला तरी बघतच बसेल.”

सासऱ्यांनी यावर बराच वेळ विचार केला आणि मान डोलावली. सीमाभागात इतक्या लवकर निघालेला हा पहिलाच तोडगा असावा.

मग खरेदी. बाजारात एका दुकानात मला सीटकव्हरं दाखवली, दुसऱ्यात पाळण्यासारखी कॅरीकॉट, आणि तिसऱ्यात खरोखरची सीट निघाली तर मालक फक्त रंग सांगत होता. वजन विचारलं तर म्हणाला, “हलकी आहे मॅडम, एका हातानं उचलते.” ऑनलाइनवर माहिती भरपूर, पण खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘० ते २५ किलो’ आणि मागं तोंड करून फक्त १३ किलोपर्यंत, ही ओळ मुंगीच्या पायाएवढी. आमची लेक तेव्हाच अकरा किलोची, आणि आजी तिला दुपारची झोप लागावी म्हणून कुंदा भरवणारी. १३ किलो म्हणजे फार तर दिवाळीपर्यंत! म्हणून मागं तोंड करून १८ किलोपर्यंत चालणारीच हवी, असा मी हट्ट धरला. मागं नारिंगी लेबल आहे ना, त्यावर आर ४४ किंवा आर १२९ हे सुरक्षेच्या नियमांचे नंबर लिहिलेत ना, हेही बघत होते. आर १२९ मध्ये पंधरा महिन्यांपर्यंत मागं तोंड सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी तर २०१८ पासून वयाची अटच काढून टाकली. सीटवर लिहिलेलं वजन किंवा उंची पूर्ण होईपर्यंत पोरगं मागंच बघू दे, म्हणतात.

सीट आली. आता ती गाडीला अडकवायचे आयसोफिक्सचे लोखंडी हूक शोधायला मी गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. एक चिकट गोकाकचा करदंट, लग्नातल्या अक्षता, नवऱ्याची हरवलेली लायसन्सची झेरॉक्स, एवढं निघालं. हूक नव्हतेच, गाडीच जुनी. मग गाडीचाच पट्टा वापरायचा. तो मागं तोंड असताना निळ्या खुणांमधनं ओवायचा, तांबड्या खुणा पुढं तोंड करण्यासाठी. मी गुडघा सीटमध्ये रोवून पट्टा ओढत होते तेव्हा शेजारचे काका गेटापाशी थांबून म्हणाले, “टायर बदलालाय काय?”

सीट हलवून बघितली. पट्ट्यापाशी बोटभरही हलली नाही. पण तिला जागा व्हावी म्हणून पुढची सीट पुढं सरकवावी लागली. तिथं मानाच्या जागी सासरे बसले आणि त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. सीट ड्रायव्हरच्या मागं घेतली तर नवऱ्याची छाती स्टेअरिंगला. मधे फक्त कमरेचा पट्टा, आणि आमच्या सीटला तीन टोकांचा लागतो. “मग सीटच पुढं ठेवा की,” सासरे म्हणाले. पुढं एअरबॅग आहे, ती फुटली तर मागं तोंड केलेल्या सीटच्या पाठीवरच आदळणार, हे ऐकून तेही गप्प झाले.

त्या सगळ्या गराड्यात पाच फुटांना दोन बोटं कमी असलेली एकच व्यक्ती होती. सासूबाईंना पुढं बसवलं. गुडघे मोकळे, पाय सैल, समोर सगळा हायवे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मोटारीत त्यांना पुढची जागा मिळाली ती तेव्हा. काकतीच्या पुढं वंटमुरीचा घाट लागला तोवर त्या माझ्या नवऱ्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत होत्या. मागं सासरे नातीच्या समोरासमोर. ती दोन्ही पाय बेडकासारखे दुमडून निवांत बसली होती आणि त्यांची टोपी ओढत होती.

संकेश्वरात चहाला थांबल्यावर जावेचा फोन आला. उलटं बसवलेल्या पोरीचं काय झालं, हे विचारायला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला. “मानेची हाडं कच्ची असतात गे. मांडीवर काय बसवायचं? तुम्हाला काही कळतच नाही.”

निपाणीच्या अलीकडं मी सहज म्हणाले, की या सीटच्या बुडाशी वापराची मुदत छापलेली असते, प्लॅस्टिक जुनं झालं की टाकून द्यायची.

“किती वर्षं आहेत अजून?” पुढून आवाज आला.

“सहा.”

सासूबाईंनी पुढची सीट आणखी थोडी मागं रेलवून बघितली. “मग बसतंय की. दुसऱ्याचंबी ह्यातच भागतंय.”