परदेशी शिकलेले देशाच्या कामाला येत नाहीत? एकेक मुद्दा तपासू

प्रवेशाचे दिवस आले की एक मजकूर हातोहात फिरू लागतो. त्याचा सारांश असा: परदेशी शिकायला गेलेला परत येत नाही, आलाच तर तिकडचं ज्ञान इथे चालत नाही, हल्ली सगळं घरबसल्या शिकता येतं, मग जायचं कशाला, आणि म्हणून सरकारने परदेशी शिष्यवृत्त्या बंद करून तो पैसा देशातल्या कॉलेजांना द्यावा. चांगली शिकलेली माणसंही हा मजकूर मान डोलावत पुढे पाठवतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

"तिकडचं ज्ञान इथे चालत नाही"

चारही मुद्द्यांत हा सर्वांत पटणारा वाटतो आणि सर्वांत चुकीचाही हाच आहे. तिकडून तयार उत्तरं आणायची असतात, असं तो गृहीत धरतो. पण ज्यांनी परतून भरीव काम केलं, त्यांनी उत्तरं आणली नव्हतीच. त्यांनी प्रश्न तपासायची पद्धत आणली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम पाहा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते दोघं परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. अमेरिकेतल्या सुसज्ज रुग्णालयाची नक्कल तिथे करून काय उपयोग होता? लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. आजार ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग, पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी एक साधं उपकरण केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकून झाले, तर बाळाला उपचार हवेत. हे उपकरण कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकात नव्हतं. पण ते खरंच काम करतं का, हे आकड्यांनी सिद्ध करायची शिस्त मात्र त्या शिक्षणातून आली होती.

पुढे ३९ गावांत गावातल्याच आरोग्यसेविकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. तशी सेवा नसलेल्या गावांशी तुलना केली, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला आणि नंतर 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली. तुलनेची गावं ठेवली नसती, नोंदी काटेकोर नसत्या, तर हे काम चांगलं असूनही एका तालुक्यापुरतंच राहिलं असतं.

दुसरं उदाहरण शेतातलं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातले. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आणि १९३६ मध्ये पीएचडी झाले. परतल्यावर त्यांनी हाती घेतलेला प्रश्न होता, देशात पीक नेमकं किती येतं? सगळी शेतं कापून मोजणं शक्य नसतं, म्हणून उभ्या पिकात छोटा तुकडा आखून तेवढाच कापतात. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगून दिसतं. कारण हद्दीवरची रोपं मोजणाऱ्याकडून नकळत आत घेतली जातात, आणि तुकडा जितका लहान तितका हद्दीवरच्या रोपांचा वाटा मोठा. सिद्धांत लंडनमध्ये शिकलेला, पण चूक सापडली ती इथल्या शेताच्या बांधावर. पीकविम्याची भरपाई ठरवताना आजही ज्या पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो, त्यांची शिस्त घडवणाऱ्यांत हा माणूस आहे. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात परतले. मजकुराच्या हिशेबात हा माणूस 'गेलेला' धरायचा की 'आलेला'?

म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असं पाश्चात्त्य तज्ज्ञ सांगत होते. ती गुजरातेत आणंदच्या अमूल डेअरीत करून दाखवणारे एच. एम. दलाया अमेरिकेत मिशिगनला शिकलेले होते. परदेशी तज्ज्ञांचं म्हणणं खोडून काढायला त्यांची विद्या आतून माहीत असावी लागते.

"गेला तो गेलाच"

पुष्कळ जण परत येत नाहीत, हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. डॉक्टर-परिचारिकांच्या बाबतीत गरीब देशांना त्याची झळ मोठी बसते. पण हा काही निसर्गनियम नाही. वंगारी मथाई अमेरिकेत जीवशास्त्र शिकून १९६६ मध्ये केनियाला परतल्या. त्यांची झाडं लावण्याची हरितपट्टा चळवळ उभी राहिली १९७७ मध्ये, म्हणजे मधे अकरा वर्षं गेली. परतल्यावर दोन-तीन वर्षांत काय दिवे लावले, असं विचारणाऱ्याने त्यांनाही नापास केलं असतं. तैवाननेही शिकायला गेलेले अभियंते परत यावेत म्हणून नुसतं देशप्रेमाचं आवाहन केलं नाही. १९८० मध्ये शिन्चू इथे विज्ञान उद्यान उभारून त्यांना काम करायला जागा दिली, आणि सिलिकॉन व्हॅलीतले कितीतरी जण परतले.

"सगळं ऑनलाइन मिळतं"

व्याख्यानं मिळतात. प्रयोगशाळेत शेजारी उभं राहून तुमची चूक दाखवणारं माणूस मिळत नाही, आणि प्राध्यापकाशी वाद घालून टिकायची सवयही लागत नाही. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

"शिष्यवृत्त्या बंद करा"

इथे मात्र मजकूर नुसता चुकीचा राहत नाही, तो अन्यायाचा होतो. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ती नसती तर त्यांना कुणी पाठवलं असतं? शिकून आल्यावर संस्थानची नोकरी करायची, या शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं, आणि नोकरी सोडावी लागली. करार पाळायला आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळालं नाही, हा दोष शिष्यवृत्तीचा नव्हता. पुढे लंडनहून अर्थशास्त्रात डीएस्सी घेऊन आलेल्या याच माणसाने १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली आणि नंतर संविधानाच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं.

आजचा हिशेबही मांडून पाहा. घर गहाण टाकून, परकी चलनात फी भरून शिकलेल्या मुलाला इथल्या पगारात हप्ते फेडता येत नाहीत. त्याची इच्छा असली तरी तो निदान काही वर्षं तिकडेच अडकतो. शिष्यवृत्तीवर गेलेल्याच्या मानेवर ते ओझं नसतं, म्हणून पहिल्याच वर्षी परतून कमी पगाराचं, पण गरजेचं काम पत्करणं त्याला परवडतं. परत येत नाहीत म्हणून ओरडायचं आणि परत येणं ज्यामुळे शक्य होतं तीच मदत काढून घ्यायची, ही या मजकुरातली सर्वांत घातक मागणी आहे.