‘आधार दाखवा, चॅलेंज वोट मागा’: त्या फॉरवर्डची एकेक ओळ

निवडणूक जाहीर झाली की शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच:

“मतदान केंद्रावर गेल्यावर यादीत नाव नसेल तर घाबरू नका. आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र दाखवा आणि सेक्शन 49A खाली ‘चॅलेंज वोट’ मागा. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ‘टेंडर वोट’ मागा. एखाद्या केंद्रावर 14 टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर वोट पडले तर तिथं फेरमतदान होतं. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.”

मी शिक्षक आहे. काही वर्षं बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, म्हणून यादी हातात घेऊन दारोदार फिरलो, नंतर मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसलो. पहिला मतदान अधिकारी म्हणजे यादीची चिन्हांकित प्रत समोर घेऊन नाव शोधणारा माणूस. दुपारी दीडच्या सुमाराला एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्यासमोर आले. भाग आमचाच, पण नाव कुठं सापडेना. त्यांनी शांतपणे फोन काढला, हाच मेसेज उघडला आणि टेबलावर ठेवला. “सर, सेक्शन फोर्टी नाइन ए.” मागे वीसेक माणसांची रांग. केंद्राध्यक्ष उठून आले, समजावलं, गृहस्थ चिडले, आणि त्यांचं चिडणं मला अजिबात चुकीचं वाटलं नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हा तुमचा हक्क आहे, आणि तो हक्क कागदावर कुठंच नव्हता.

तर, पहिली ओळ. यादीत नाव नसलं तरी मत देता येतं? नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 चं कलम 62 सरळ सांगतं की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तिथं मत देता येणार नाही. आधार दाखवा, पासपोर्ट दाखवा, काहीही दाखवा. केंद्रावर दाखवायची कागदपत्रं एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: यादीत जी व्यक्ती आहे ती तुम्हीच का? यादीत व्यक्तीच नसेल तर प्रश्नच उरत नाही. शिवाय आधार हे रहिवाशाला मिळतं, नागरिकत्वाचा तो पुरावा नव्हे. आणि मतदार कार्ड? ते घरात असेल तर आत्ताच उलटून बघा. मागं बारीक अक्षरात छापलेलंच असतं की हे कार्ड जवळ आहे म्हणजे चालू यादीत नाव आहे याची हमी नाही, दर निवडणुकीआधी यादी तपासा. एवढ्या वर्षांत ती ओळ वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

‘49A’ची गंमत वेगळीच. मुळात ते कलम नाही, निवडणूक संचालन नियम, 1961 मधला नियम आहे, आणि त्यात मतदान यंत्राची रचना दिली आहे: कंट्रोल युनिट आणि बॅलट युनिट असलेलं यंत्र. मेसेज लिहिणाऱ्यानं 49 आकडा कुठून तरी ऐकला आणि पुढं हाताला लागलं ते अक्षर जोडलं.

आता ‘चॅलेंज वोट’. हा प्रकार खरा आहे, फक्त मेसेजनं तो उलटा केलाय. चॅलेंज मतदार मागत नाही, मतदारावर केलं जातं. नियम 49J. तुम्ही समोर उभे आहात, नाव यादीत आहे, आणि उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणतो, “ही ती व्यक्ती नाही.” असं म्हणायचं तर त्यानं आधी केंद्राध्यक्षाकडं रोख 2 रुपये जमा करायचे. हो, दोनच रुपये, 1961 पासून. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतात. आक्षेप टिकला नाही तर तुम्ही मत देता. टिकला तर तुम्हाला बाहेर काढतात. मराठी पुस्तिकेत याला ‘आक्षेपित मत’ म्हणतात, आणि शब्दातच अर्थ आहे. म्हणजे केंद्रावर जाऊन “मला चॅलेंज वोट द्या” म्हणणं हे “माझ्यावर संशय घ्या” म्हणण्यासारखं आहे.

‘टेंडर वोट’ची ओळ निम्मी खरी आहे, त्यामुळंच जास्त घातक. तुमच्या नावावर कुणी आधी मत देऊन गेलं असेल, तर नियम 49P प्रमाणे तुमची ओळख पटल्यावर तुम्हाला मत देता येतं. मराठीत ते ‘प्रदत्त मत’. यंत्रावर नाही, छापील मतपत्रिकेवर, शिक्का मारून. नमुना 17B मध्ये सही करायची, आणि ती मतपत्रिका केंद्राध्यक्ष वेगळ्या लिफाफ्यात घालतात. हे हक्कानं मागा, आणि कुणी नाही म्हटलं तर नियमाचा क्रमांक सांगा. पण मेसेज पुढचं सांगत नाही: मतमोजणीच्या दिवशी तो लिफाफा उघडत नाहीत. निकालाला आव्हान दिलं गेलं आणि न्यायालयाला गरज वाटली, तरच त्या मतांचा विचार होतो. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात 2008 साली सी. पी. जोशी अवघ्या एका मतानं हरले, 62,215 विरुद्ध 62,216. तिथं प्रदत्त मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. असे प्रसंग अपवादाचे.

आणि ते 14 टक्के. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. फेरमतदान होतं ते यंत्र नष्ट झालं, पळवलं, प्रक्रियेत गंभीर चूक झाली किंवा केंद्रच ताब्यात घेतलं तर, आणि तेही निवडणूक आयोगाच्या आदेशानं. 1951 च्याच अधिनियमाची कलमं 58 आणि 58A. कायदा बाजूला ठेवा, नुसता हिशोब करा. केंद्रावर साधारण 1,000 मतं पडली तर 14 टक्के म्हणजे 140. केंद्राध्यक्षाच्या साहित्यात प्रदत्त मतपत्रिका किती येतात माहीत आहे? 20. साहित्य मोजून घेताना मी स्वतः त्या बोटाला थुंकी लावून मोजल्या आहेत.

एवढं झाल्यावर सहसा कुणीतरी विचारतं, “मग नाव गेलं तर करायचं काय?” प्रश्न रास्त आहे, पण तो मतदानाच्या दिवशी विचारून उपयोग नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 23 प्रमाणे उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की यादीत बदल होत नाही. 2024 च्या विधानसभेला आपल्याकडं ती तारीख होती 29 ऑक्टोबर, आणि मतदान 20 नोव्हेंबरला. आमच्या केंद्रावरचे ते गृहस्थ भांडायला आले तेव्हा भांडणाची मुदत उलटून तीन आठवडे झाले होते. प्रत्यक्षात त्यांचं नाव त्याहून बरंच आधी गेलं होतं, आणि गेलं होतं ते पत्त्यामुळं.

हे कसं घडतं ते दारोदार फिरल्याशिवाय कळत नाही. यादी नावांच्या क्रमानं नसते, जागेच्या क्रमानं असते. मतदारसंघाचे भाग, भागाचे विभाग, विभागात घरं, घरात माणसं. त्यामुळं सगळा डोलारा एका रकान्यावर उभा असतो: घर क्रमांक. आणि त्या रकान्यात काय काय सापडतं! ‘मारुती मंदिरामागे’. ‘पत्र्याची चाळ’. नुसती रेघ. शून्य. मंदिर अजून आहे, पण त्याच्या मागं आता चौदा मजले उभे आहेत. किंवा ‘302’, आणि सोसायटीत ए, बी, सी अशा तीन विंग. मी ए विंगच्या 302 ची बेल वाजवतो, आतून उत्तर येतं, “असं इथं कुणी राहत नाही.” वॉचमन नवीन, त्याला काही माहीत नाही. दोन-तीन फेऱ्या होतात. कागदावर शेरा पडतो: स्थलांतरित. नाव काढण्याआधी नोटीस जाते, जायलाच हवी, पण ती जाते कुठं? त्याच चुकलेल्या पत्त्यावर. बी विंगमधल्या बाईंना काहीच कळत नाही. त्या थेट मतदानाच्या दिवशी आधार घेऊन उभ्या राहतात.

आमच्या त्या गृहस्थांची चाळ पुनर्विकासाला गेली होती. बिल्डरनं भाडं दिलं, ते दोन किलोमीटरवर राहायला गेले, गॅसचा, बँकेचा, मुलांच्या शाळेचा पत्ता बदलला. मतदार यादीचा पत्ता बदलायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. पाडलेल्या चाळीत बीएलओला कोण सापडणार?

पत्ता चुकला की नाव जातंच असं नाही. कधी कधी फक्त केंद्र बदलतं, पण तेही पुरेसं असतं. रस्त्याच्या एका बाजूचा भाग या शाळेत, समोरचा पलीकडच्या शाळेत. महापालिकेच्या वेळी तर आणखी पेच. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे फोडतो; नवं नाव घालणं त्याच्या हातात नसतं. फोडताना एखादा विभाग पलीकडं गेला की अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात मत द्यायला जाते. प्रारूप यादीवर हरकती घ्यायला मुदत असते ती याचसाठी, आणि त्या दिवसांत मला एकही फॉरवर्ड येत नाही.

सगळा दोष मतदाराचा, असं मात्र मी म्हणणार नाही. 2014 च्या लोकसभेला पुण्या-मुंबईत इतकी नावं गायब झाली की निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना जाहीर माफी मागावी लागली. वर्षानुवर्षं एकाच घरात राहणाऱ्यांचीही नावं त्यात होती. असा संताप आला की माणूस कुठल्याही मेसेजवर विश्वास ठेवतो, ते मी समजू शकतो.

मेसेजला ठाऊक नसलेली एक खरी सोय सांगतो. केंद्राध्यक्षाकडं गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशा नावांची वेगळी यादी असते. तुमचं नाव मूळ यादीत आहे, पण या यादीतही आहे, तर तुम्हाला परत पाठवता येत नाही. ओळखपत्र नीट तपासतात, लेखी घोषणा घेतात, सहीबरोबर अंगठाही घेतात, आणि तुम्ही मत देता. तसंच, कार्डावर जुना पत्ता आहे म्हणून अडवलं तर ऐकू नका. नाव त्या केंद्राच्या यादीत असलं आणि ओळख पटली की बास. आणि घर नाही म्हणून नाव लागत नाही, हेही खोटं. पुलाखाली झोपणाऱ्या माणसाच्या बाबतीत बीएलओनं रात्री जाऊन तो तिथंच झोपतो का ते बघायचं असतं. झोपायची जागा हाच त्याचा पत्ता, पुराव्याचा कागद मागायचा नाही.

घर बदललं असेल तर फॉर्म 8. फॉर्म 6 नव्हे, तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. पुष्कळ लोक नवीन घरी गेल्यावर पुन्हा फॉर्म 6 भरतात, जुनं नाव तसंच राहतं, आणि मग ‘दुबार मतदार’ म्हणून बोंब होते. दोन ठिकाणी नाव ठेवायला 1950 च्या अधिनियमाच्या कलम 17 ची बंदी आहे, गावी वडिलोपार्जित घर असलं तरी. नुसतं घर असणं म्हणजे तिथं राहणं नव्हे, हेही कायद्यातच आहे.

हल्ली ग्रुपवर तो मेसेज आला की मी लांबलचक खुलासा करत बसत नाही. फक्त विचारतो, “तुमचा यादी भाग क्रमांक किती?” बहुतेक वेळा ग्रुप शांत होतो. मागच्या वेळी मात्र मावसबहिणीनं व्होटर हेल्पलाइन ॲपवर नाव शोधलं आणि स्क्रीनशॉट टाकला. नाव बरोबर, वय बरोबर, नवऱ्याच्या नावात एक काना कमी. घर क्रमांक: 302. खाली तिनंच लिहिलं होतं, “दादा, आमची विंग कुठं गेली?”