टॉम जोबिम आणि कागदी रुमालाची दंतकथा

रिओच्या एका बारमध्ये ब्राझीलचा संगीतकार टॉम जोबिम बसला होता. समोरून एक सुंदर मुलगी गेली आणि त्याने तिथल्या तिथे कागदी रुमालावर 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' खरडलं. अमेरिकन जॅझ जरा मंद करून त्याला 'बोसा नोव्हा' या नव्या शैलीचं नाव दिलं, अमेरिकेने डोक्यावर घेतलं आणि त्या एका गाण्यावर त्याचं आयुष्य निघालं. ही पोस्ट वरचेवर फिरत येते. वाचायला झकास, पण खरं त्यात थोडंच.

मुलगी खरी. वेलोसो बारही खरा. जोबिम आणि कवी व्हिनिसियस दि मोराइस तिथले नेहमीचे. गाणं मात्र तिथे झालं नाही. चाल जोबिमने घरी पियानोवर बसवली, एका नियोजित संगीतिकेसाठी. शब्द व्हिनिसियसने रिओजवळच्या पेट्रोपोलिस गावी लिहिले, आणि पहिला खर्डा मनासारखा न उतरल्याने बदलले. पुढे बारला गाण्याचं नाव मिळालं, रस्त्याला व्हिनिसियसचं. मग पर्यटकांना रुमालाची गोष्ट सांगायला कोण सोडतो? वेलोसोचा खरा किस्सा हवाच असेल तर अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा घ्या. जोबिमबरोबर रेकॉर्ड करायची म्हणून त्याने केलेला फोन जोबिमने याच बारमध्ये घेतला. १९६७ ला त्यांची रेकॉर्ड आली.

'जॅझची नक्कल' हा आरोप मला सगळ्यात खटकतो. त्या पिढीने जॅझ भरपूर ऐकला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ठेका सांबाचा, म्हणजे ब्राझीलच्या नाचगाण्याचा आहे. बोसा नोव्हाचा गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो याची गिटार नीट ऐका: अंगठा सुर्दूचा, म्हणजे सांबातल्या मोठ्या ढोलाचा ठोका धरतो आणि बाकीची बोटं तांबोरीमची, म्हणजे छोट्या ढोलकीची तिरपी लय वाजवतात. अख्खं पथक एका हातात! स्वरमेळ बघायचा तर जोबिम शोपँ, देब्युसी आणि व्हिला-लोबोस या शास्त्रीय संगीतकारांच्या वाटेने आलेला. किशोरवयात त्याला पियानो शिकवला तो कोएलरॉयटर या जर्मन संगीतकाराने (हे गृहस्थ १९६० च्या दशकात दिल्लीतही राहून गेले). जोबिमचं 'इन्सेन्सातेझ' ऐकून लगेच शोपँचं ई मायनरमधलं प्रेल्यूड (पियानोची छोटी रचना) लावा, उसनवारी कुठली ते कानच सांगतील. आणि त्याच्याच 'वन नोट सांबा'त गाणारा एका सुरावर अडून बसतो, खालचे कॉर्ड सरकत राहतात. सूर तोच, पण दर वेळी वेगळा लागतो. असलं काम सहज सुचत नसतं.

अमेरिकेने त्याला घडवलं? न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला बोसा नोव्हाचा कार्यक्रम नोव्हेंबर १९६२ चा. त्याआधी १९५६ मध्येच त्याच्या संगीताचं 'ऑर्फेउ दा कोन्सेइसांव' हे नाटक रिओच्या म्युनिसिपल थिएटरात लागलं होतं, नेपथ्य वास्तुविशारद ऑस्कर निमायरचं. १९५८ मध्ये त्याचं 'शेगा दे सौदादे' हे गाणं आलं, तिथून बोसा नोव्हा धरतात. जगभर नाव झालं ते अमेरिकेतल्या रेकॉर्डिंगमुळे, एवढं मान्य.

राहता राहिला 'एकच गाणं' हा मुद्दा. १९७२ चं 'आग्वास दे मार्सो' घ्या. रिओत मार्च म्हणजे उन्हाळ्याचा शेवट करणारा पाऊस. काठी, दगड, काचेचा तुकडा, वाटेचा शेवट अशी नुसती यादी गाण्यात वाहत जाते. गायिका एलिस रेजिनाबरोबरची १९७४ ची रेकॉर्ड याच गाण्याने सुरू होते. पोस्ट पुढे ढकलण्याआधी तेवढं एक ऐका.