रिव्हर्ब टँक बदलण्याबद्दल माझ्याच पोस्टचा खुलासा

गिटारच्या स्वस्त ट्यूब अँपमधली छोटी रिव्हर्ब टँक (आवाजाला घुमारा देणारी स्प्रिंगची पेटी) काढून १७ इंची लावा, कुठलीही चालते, आवाज एकदम भरदार होतो, असं मीच लिहिलं होतं आणि ते अजून फॉरवर्ड होतंय. त्यातलं "कुठलीही चालते" हे साफ चूक आहे.

लांब स्प्रिंगने आवाज जास्त खुलतो हे बरोबर, पण टँकचा इनपुट इंपीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) अँपच्या ड्रायव्हरशी, म्हणजे टँकला सिग्नल देणाऱ्या भागाशी, जुळायलाच हवा. फेंडरच्या जुन्या अँपमध्ये ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मरने टँक चालते म्हणून तिथे ८ ओहमची लागते, पण बऱ्याच स्वस्त अँपमध्ये हे काम ऑप-अँप (छोटी अँप्लिफायर चिप) करतो आणि त्याला ६००-८०० ओहमसारखी जास्त इंपीडन्सची टँक लागते. मी तिथे ८ ओहमची लावली तर रिव्हर्ब जवळजवळ गायबच झाला, जो उरला तोही फाटका, मग जुन्या टँकवरचा कोड बघितला तेव्हा कळलं.

उदाहरणार्थ ४एबी३सी१बी (4AB3C1B), यात ४ म्हणजे दोन स्प्रिंगची लांब टँक, ए म्हणजे इनपुट ८ ओहम, बी म्हणजे आउटपुट २२५० ओहम. तुमच्या टँकवरची ही दोन अक्षरं काय आहेत ते बघा आणि त्यांच्याशी जुळणारीच घ्या. मल्टीमीटरवर आकडा बराच कमी दिसेल, कारण तो डीसी रेझिस्टन्स (तारेचा नुसता रोध) असतो, इंपीडन्स नाही. आणि प्लीज चॅसी (अँपचं सर्किट असलेला धातूचा डबा) उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज राहतो, टँक बहुतेक वेळा बाहेरूनच दोन वायरींनी सुटते.

जुनी पोस्ट पुढे पाठवू नका, पाठवली असेल तर त्यांना हे पाठवा.