"आधी स्वतः शिका" म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार साहेब. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, जेवण गोड लागलं नाही. सावंतवाडीच्या लाकडी फळांचे फोटो कमी पैशात कसे काढायचे यावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की जुना डीएसएलआर कॅमेरा घ्यायला सांगून मी लोकांना खड्ड्यात घालतोय, आजचा मोबाईल पुरतो, साध्या एलईडीखाली लाल रंग मरतो, कॅनन १२००डी ला वायफाय नसतंच, आणि वर "दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतः शिका."

वायफायचं मान्य. ते १३००डी ला आलं, माझी चूक, दुरुस्त केलंय.

पण "स्वतः शिका"? अहो, आमच्या बाबांचा कुडाळात स्टुडिओ होता, मी सातवीत असल्यापासून डार्करूममध्ये ट्रे हलवलेत, हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास अजून नाकात आहे. सावंतवाडीत ही फळं बनतात त्या चितारआळीतल्या एका ओळखीच्या काकांच्या फळांचे फोटो पहिल्यांदा काढले तेव्हा प्रत्येक आंब्याच्या पोटावर बल्बचा पांढरा ठिपका, आणि एका वांग्यात तर मी स्वतः बनियनवर उभा दिसत होतो इतकं त्याला पॉलिश. तीन संध्याकाळी गेल्या. मग खोक्याची बाजू कापून बटर पेपर लावला, कागद वांग्याला जवळजवळ टेकवला आणि नऊ वॅटचा बल्ब कागदाच्या वीतभर मागे ठेवला, तेव्हा कुठे ठिपक्याचा मऊ पट्टा झाला आणि वांगं गोल दिसायला लागलं. दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचा, अख्खा संच फोटोत काढलाय मी, १२० पानं, एकेक गोल पान वरून. पहिली वीसेक फुकट गेली कारण शटर १/२०० सेकंदावर ठेवलेलं आणि बल्बच्या फ्लिकरने, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या लुकलुकण्याने, आडवे पट्टे आले, १/५० वर आणलं तेव्हा गेले. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत, आणि तुम्ही घरी बसून एका ओळीत माझी शाळा काढता!

जुन्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा, पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, हे लेखात लिहिलंय. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

मोबाईलवाल्यांनी मोबाईलवर काढावेत, मी कोणाचा हात धरलेला नाही. लाल रंगाचं ऱ्हवांदे. (टोमॅटो जरा विटकरी आलेत ते मला पण दिसतंय, पण गिऱ्हाईकाला चाललेत.)

आणि हो, तुम्ही काढलेला एखादा फोटो असेल तर पाठवा. वांग्याचाच पाठवा.