बायोडिझेल भरा आणि निर्धास्त राहा

मालक, जालन्याहून सळई भरून सोलापूरकडे निघणाऱ्या तुमच्या ट्रकमध्ये आता बायोडिझेल पडतंय असं कळलं. अभिनंदन! पेंटर बोलवा, टाकीवर हिरव्या रंगात 'पर्यावरणपूरक' लिहून घ्या. शेजारी एखादं पानही काढू द्या. प्रदूषण रोखण्याचं निम्मं काम तिथंच होतं.

इंधन कशापासून केलंय, हे विचारत बसू नका. आयएस १५६०७ हे बायोडिझेलचं मानक विचारणाऱ्याला धंदा जमत नसतो. ढाब्यामागच्या प्लॅस्टिकच्या टाकीतून जे येतं ते घ्या. विचारलंत तर उगाच कळेल, की सोयाबीन तेलाच्या बायोडिझेलनं धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू जास्त वाढतात, चरबीच्या बायोडिझेलनं कमी, पण ते थंडीत लवकर घट्ट होतं. मग लातूरच्या सोयाबीनला नावं ठेवणार का? शुद्धीकरण नीट झालं नसेल तर मागे राहिलेले सोडियम-पोटॅशियम धूर गाळणाऱ्या यंत्रणेची वाट लावतात. लावू द्या, ती सायलेन्सरकडं असते, कोण वाकून बघतंय?

एक आकडा मात्र तोंडपाठ करा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००२ साली जुन्या अवजड इंजिनांच्या चाचण्या एकत्र मांडल्या. डिझेलमध्ये सोयाबीनचं २० टक्के बायोडिझेल मिसळलं तर धुरातले कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के कमी झाले. नायट्रोजन ऑक्साइड २ टक्के वाढले, ते सांगायची गरज नाही. शुद्ध बायोडिझेलमध्येच सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असल्यानं काजळी बरीच जळून जाते. म्हणजे बघा, १० टक्के काजळी वाचली, तेवढा माल वर टाकायला तुम्ही मोकळे.

तो वाढीव माल मांजरसुंब्याच्या घाटात चढवा. खालचा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, हवा कमी आणि इंधन जास्त. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढचा रस्ता दिसेनासा झाला, तर तो बायोडिझेलचाच धूर आहे असं समजून त्यानं तो आनंदानं घ्यावा. एअर फिल्टर झटकून पुन्हा बसवा, नवा कशाला? नोझल झिजलं असेल तर मिस्त्रीला 'पंप वाढव' म्हणा, गाडी ओढायला लागेल.

ॲव्हरेज पडलं तर सरळ ड्रायव्हरला धरा. शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे साधारण ८ टक्के ऊर्जा कमी असते, हे त्याला माहीत नाही. भत्त्यातून कापून घ्या.

बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची गाडी असेल तर नायट्रोजन ऑक्साइड मोडायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची कटकट असते. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-फोरच्या ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅम प्रति किलोवॅट-तासावर आली, ती या युरियाच्या जोरावरच. पण युरिया बंद करून देणारा लाइनवर कुठंही सापडतो. नाहीतर खताचं पोतं बादलीत कालवा. खतासाठी दुकानापुढं रांगेत उभे असलेले शेतकरी रागावतील, तेवढं सांभाळा.

कुणी फारच छळलं तर सरकारकडं बोट दाखवा. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. त्यासाठी मोगली एरंडाचं भलतंच कौतुक झालं. ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, त्याच्यावर देशाचं इंधन निघणार होतं. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचं उद्दिष्ट ५ टक्के झालं आणि साल २०३० वर गेलं. टक्का खाली, तारीख पुढं. तुमच्या गाडीच्या हप्त्यांना बँकेनं अशी सवलत दिली असती तर!

राहता राहिली पीयूसी. तिथं उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबायला लावून धुराचा काळेपणा मोजतात. घाट नाही, माल नाही, आणि नायट्रोजन ऑक्साइड तर मोजतच नाहीत. म्हणून आधी रिकामी गाडी बायपासवर चांगली पळवून काजळी झाडून घ्या, आणि मगच केंद्रावर न्या.