गोळ्या घेऊन शुक्रजंतू वाचत नाहीत

माझ्या भाच्याला सेमिनोमा, म्हणजे वृषणाचा कर्करोग, झाला. एक वृषण शस्त्रक्रियेने काढले आणि आता पोटातील लसीकाग्रंथींवर किरणोपचार व्हायचे आहेत. गेल्या आठवड्यात बांबोळीहून फोंड्याला परतताना बसमध्ये त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, हे वाचा. वीर्य गोठवायची गरजच नाही." हिरव्या पानाचे चित्र असलेला तो संदेश त्यानंतर मला आणखी तीन गटांतून आला. त्यात म्हटले आहे की अश्वगंधा, जीवनसत्त्व ई आणि 'अमेरिकेत मान्यता मिळालेले' अमिफोस्टिन हे औषध घेतल्यास पुरुषत्व शाबूत राहते, हार्मोनच्या इंजेक्शनांनी तर खात्रीच मिळते, हे उंदरांवर सिद्ध झाले आहे, तेव्हा वीर्य गोठवण्यावर पैसे घालवू नका.

अमिफोस्टिनला 1999 मध्ये मान्यता मिळाली ती डोके-मानेच्या किरणोपचारात तोंड कोरडे पडू नये म्हणून. प्रजननाशी तिचा संबंध नाही. शिवाय त्याने उलट्या होतात आणि रक्तदाब घसरतो. अश्वगंधा आणि जीवनसत्त्व ई यांविषयी एवढेच सांगतो, की किरणोपचार चालू असताना अशा गोष्टी भरपूर घेतल्यास कर्करोगाच्या पेशींनाही संरक्षण मिळण्याची भीती असते, म्हणून डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत.

उंदरांचे मात्र मान्य करावे लागते. किरणांचा मारा झालेल्या उंदरांमध्ये हार्मोन दाबणारी इंजेक्शने दिल्यावर शुक्रजंतूंची निर्मिती पुन्हा सुरू झाल्याचे प्रयोग खरे आहेत, कारण तिथे शुक्रजंतू घडवणाऱ्या मूळपेशी जिवंत असतात, फक्त त्यांची पुढची वाढ अडलेली असते. माणसात हा उपाय करून पाहिला गेला, पण साधला नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की पुरुषांची प्रजननक्षमता राखण्यासाठी हार्मोन उपचार निष्फळ आहेत, आणि उपचार सुरू होण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवणे हाच प्रस्थापित मार्ग आहे.

सर्वांत घातक आहे तो 'पुरुषत्व' हा शब्द. पुरुष हार्मोन तयार करणाऱ्या पेशी किरणांना बऱ्याच अंशी तोंड देतात, त्यामुळे दाढी, आवाज, कामेच्छा यांत फरक जाणवत नाही; पण शुक्रजंतू घडवणाऱ्या पेशी इतक्या नाजूक असतात की 0.1 ते 0.15 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) एवढ्या मात्रेनेही शुक्रजंतूंची संख्या काही काळ घटते, 2 ते 3 ग्रे पोहोचल्यास वीर्यात शुक्रजंतू दीर्घकाळ दिसत नाहीत, आणि 6 ग्रेच्या पुढे वंध्यत्व बहुधा कायमचे ठरते. एरवी मात्रा थोडी थोडी विभागून दिली की शरीर सावरते. वृषणाच्या बाबतीत ती विभागणीच अधिक नुकसान करते. उरलेल्या वृषणावर शिशाचे कवच बसवतात, तरी विखुरलेले किरण काही प्रमाणात पोहोचतातच. म्हणून गोळ्या घेऊन 'मला काहीच झाले नाही' असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसेल, पण त्याने वीर्याची तपासणी केलेली असेलच असे नाही.

गोठवलेले वीर्य उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकते, आणि नमुना देण्यासाठी उपचार फार लांबवावेही लागत नाहीत. किरणोपचार सुरू झाल्यावर मात्र ही संधी हातची जाते, कारण तेव्हा मिळणाऱ्या शुक्रजंतूंच्या जनुकांना इजा झालेली असू शकते. सव्वीस वर्षांच्या, अजून लग्न न झालेल्या मुलाला "गोठवू नको" असे सांगणाऱ्याने हे सारे माहीत करून घ्यायला हवे होते. भाच्याचे किरणोपचार सोमवारी सुरू होत आहेत. नमुना देण्यासाठी त्याने शुक्रवारची वेळ घेतली आहे आणि मी त्याच्यासोबत जाणार आहे.